मोरपंखी साडी

बेलपाडा, खारघर
३ जुलै २०१२

लाडक्या वेणूआत्यास,

रंजीचा वाकून नमस्कार. धपाटा घालायचा असेल तर आत्ताच घाल, पुढचं वाचून तुझा हात उठायचा नाही.

तुला जोडाक्षरं अडतात म्हणून मोठ्या अक्षरात लिहितेय. फोन केला असता, पण बाबा स्पीकर लावायला सांगतात. इकडे सगळे बरे. आईची कंबर धरलीय. प्रणितदादाने नवी बाईक घेतली आणि दुसऱ्याच दिवशी गटारात घातली. जासईला कंटेनरच्या गाड्यांनी तुझी झोप अजून उडते का गं?

माझं बारावीनंतरच्या वकिलीच्या कॉलेजच्या यादीत नाव लागलंय. पुढच्या आठवड्यात फी भरली नाही तर जागा जाईल.

हे खूळ तुझंच, आत्या. आजोबांच्या सरकारने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या प्लॉटात तू हिस्सा मागितलास, सख्ख्या भावावर केस केलीस, तेव्हापासून घरात तुझं नाव काढायची बंदी. तरी मी क्लासला जाते सांगून पनवेलच्या कोर्टात आले होते. तू पदर तोंडाला लावून बसलेलीस आणि तुझी वकीलबाई उभी राहून बोलत होती. बाहेर आल्यावर तू म्हणालीस, "माज्या मनातलं तिला कसं कललं गं?" तेव्हाच मी ठरवलं की आपण हेच शिकायचं.

बाबा कॉलेजला नाही म्हणाले नाहीत. तेच तर. गेल्या आठवड्यात मला पनवेलला साडीच्या दुकानात घेऊन गेले आणि वेणूला आवडेल अशी काढ म्हणाले. मी वेडी, मला वाटलं भांडण मिटलं! अर्धं दुकान खाली काढायला लावलं. मोरपंखी घेतली, बारीक काठाची, तुला भरजरी टोचतं म्हणून. बाबांनी मलाही एक ड्रेस घेतला. येताना मी रिक्षात गाणं म्हणत होते.

सण नाही, लग्न नाही, आणि भाऊ साडी घेतो ती कशासाठी, हे मला कळायला नको होतं का? बिल्डरला सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात. बहिणीला साडी नेसवायची, रजिस्टर ऑफिसला न्यायची आणि हक्क सोडल्याची सही घ्यायची. शेजारच्या गुणाबाईने अशीच केली, वर साडी सगळ्या आळीला दाखवत फिरली. घरी आल्यावर बाबा म्हणाले, "तुजी आत्या तुजं मोडत नाय. तिची सही आण, दुसऱ्या दिवशी तुजी फी भरतो. नायतर बी.कॉम. कर."

मी आईकडे बघितलं. ती भाजी निवडत राहिली. तिनेही मामासाठी केलीच आहे सही.

मी रडले, आदळआपट केली, जेवले नाही. मग भूक लागली तेव्हा जेवले. आणि मग हो म्हटलं. आत्या, मी हो म्हटलं गं.

नंतर विचारलं, ड्रेस कशाचा? तर म्हणाले, तुला अठरा पूर्ण झालीत, तुझीही सही त्याच दिवशी उरकून टाकू, प्रणितला पुढे त्रास नको.

रविवारी आम्ही येतोय. मी तुझ्या पायाशी बसून 'कर ना गं सही' म्हणणार आहे. करू नको असं इथे लिहावं तर कॉलेज जातं. कर असं लिहावं तर हात चालत नाही. वकील व्हायला निघालेय आणि मला एक बाजू घेता येत नाही. तुझी घ्यावी तर माझी जाते. आणि माझी घ्यावी तर कोर्टात तोंडाला पदर लावून बसलेली तू दिसतेस.

तू नाही म्हणशील याची भीती नाही वाटत. तू माझ्याकडे बघशील, पदराला हात पुसशील आणि विचारशील, "कुठं करायची?"

जिचं तू कधीच मोडलं नाहीस, ती
रंजी