यतीनचं पान

शनिवार, १० जून २००६. डब्लिन, ओहायो

पोचलो! अमेरिकेतल्या मराठी माणसांवर तीन महिने लेख पाठवा म्हणून आमच्या नागपूरच्या साप्ताहिकाने तिकीट दिलं. राहण्याचं काय, असं विचारलं, तर संपादक म्हणाले, तुमचं कुणी असेलच की तिथे. आहे. सौमित्र, माझा मामेभाऊ. विमानतळावर 'दादा' म्हणून कडकडून मिठी मारली आणि घर येईपर्यंत गवत कापायच्या यंत्राचं गुणवर्णन केलं. डब्लिनमध्ये आयरिश माणूस एकही दिसला नाही. त्याच्या बायकोने, मंजुषाने केलेली पातोडी मात्र थेट नागपूरच्या महालातली.

त्यांचा एकुलता एक यतीन, वय पंधरा, घरी नाही. जानेवारीपासून स्वाझीलँडच्या डोंगरातल्या एका आंतरराष्ट्रीय निवासी शाळेत आहे. इथे राहून पोरगा पार अमेरिकन होईल या धास्तीने सौमित्रने त्याला आफ्रिकेत धाडलं. तिथे म्हणे चाळीस देशांची मुलं आहेत. मराठी नेमका कुठे होणार, हे मी विचारलं नाही. पाहुणा आहे.

सोमवार, १२ जून

इथे रोज संध्याकाळी सातला जेवण, भर उन्हात. आम्ही तिघं आणि पानं चार. चौथं यतीनचं. मंजुषा त्याच्या खुर्चीसमोर वरणभात, तूप, लिंबाची फोड, सगळं साग्रसंगीत वाढते. जेवणं झाली की सौमित्र ते डब्यात भरून दुसऱ्या दिवशी ऑफिसला नेतो.

माझ्या संस्कृताचा उपयोग हल्ली टिंगलीपुरताच उरलाय. म्हटलं, अगं, मुलगा आफ्रिकेत आणि पान पूर्वेला? दक्षिणेकडे तोंड करून बसव, म्हणजे त्याला दिसेल तरी. आणि दुसऱ्याचं वाढलेलं पान डब्यात भरतात होय? बाहेर ठेव, कावळे खातील. मंजुषा म्हणाली, भाऊजी, तुम्ही म्हणजे ना! पण खुर्ची फिरवली. सौमित्रने लंच गेलं म्हणून शोक केला. अमेरिकन कावळे हिंगाला बिचकतील असं वाटलं होतं. ताट चाटूनपुसून लख्ख.

रविवार, १८ जून

यतीनचा फोन. रविवारीच परवानगी असते. मुलगा इंग्रजीतच बोलतो, आई मराठीत, आणि दोघांचं उत्तम चालतं. म्हणाला, रोज रात्री घरच्या टेबलावर जेवल्याचं स्वप्न पडतं. इथले सात म्हणजे तिथली मध्यरात्र उलटलेली. गुरुवारी काय होतं म्हणून मंजुषाने हसत विचारलं, तर कढी म्हणाला, आणि मीठ जास्त झालं होतं.

झालं होतं खरं. मंजुषाला एवढा आनंद झाला की तिने शिरा केला. मीही खाल्ला. मला तो फारसा गेला नाही.

रविवार, २५ जून

शाळेच्या वसतिगृहाच्या बाईंचा फोन आला. यतीन भोजनगृहात येतो, बसतो, घासाला हात लावत नाही. पोट भरलंय म्हणतो. वजन उतरतंय. डॉक्टरांना काही सापडत नाही. आणि त्याच्या बोटांना पिवळे डाग कसले, असं त्या विचारत होत्या.

मंजुषा म्हणाली, असू दे, घरचं खातोय ना माझं लेकरू.

मंगळवार, २७ जून

आज पान बाहेर नेण्याआधी नीट पाहिलं. वरणभात कडेने खचलेला. त्यात बोटांच्या खुणा.

दक्षिण पितरांची. कावळाही त्यांचाच. हे मला पाठ होतं. पाठ होतं म्हणून तर गंमत सुचली. जिवंत पोराचं पान मी मेलेल्याचं करून ठेवलं, आणि तो मुकाट्याने येऊन जेवू लागला.

दोघांना सांगितलं. सौमित्र म्हणाला, दादा, कम ऑन. मंजुषाने ताट बाहेर नेलं.

गुरुवार, २९ जून

काल पान वाढू दिलं नाही.

सकाळी बाईंचा फोन. पोरगा रात्रभर पोट धरून ओरडत होता. त्याला त्यांनी भरवलं, सगळं उलटून पडलं. एकच काहीतरी पुन्हा पुन्हा बोलत होता, त्यांना कळेना, त्यांनी ते जमेल तसं म्हणून दाखवलं. आई, मला वाढलं नाहीस.

मंजुषा माझ्याशी बोलत नाही.

शनिवार, १ जुलै

खुर्ची पूर्वेला केली. अन्नाला कुणी शिवलं नाही, कावळेही नाहीत. तिकडे तो शुद्धीवर नव्हता.

मंजुषाने खुर्ची पुन्हा दक्षिणेला केली. तासाभरात फोन: झोपला शांत. फक्त हातपाय गार आहेत.

वाढलं तर जातो. न वाढलं तर उपाशी मरतो. मला येणारे सगळे मंत्र आठवून पाहिले. बोलवायचे आहेत, निरोप द्यायचे आहेत. अर्ध्या वाटेवरच्याला परत पाठवायचा एकही नाही.

रविवार, ९ जुलै

सौमित्र विमानाने गेला. यतीनला घेऊन येतो म्हणाला. मंजुषा रोज जास्त वाढते. पान रोज रिकामं. आता बाहेर न्यावंच लागत नाही.

मंगळवार, ११ जुलै

सौमित्र पोचला. मुलाची नाडी डॉक्टरांना जेमतेम लागते. विमानात बसवता येणार नाही. मध्यरात्रीनंतर झोपेतच उठून बसतो, उजवा हात तोंडाशी नेतो. चावतो. गिळतो. सौमित्र विचारत होता, दादा, काय करू, तू सांग ना, तुला हे सगळं येतं ना.

मला येतं —

गुरुवार, १३ जुलै

सात. पान वाढलंय. फोन. सौमित्र. नुसता रडतोय. मग एवढंच: गेला रे, दादा — आत्ता — हात तोंडाशी नेता नेता —

फोन ठेवला. मागे खुर्ची सरकली.

मंजुषा म्हणतेय, बघा भाऊजी! म्हटलं नव्हतं, येईल म्हणून? तूप आणायला वळली. तो बसलाय. शाळेचा स्वेटर. जेवतोय. मी लिहितोय, कारण वर बघायचं नाही —

फोन कुणाचा होता, ती विचारतेय.

वर पाहिलं. तो माझ्याकडे बघून मान हलवतोय. नको सांगू तिला, असं.

ती पुन्हा विचारतेय. हसतेय. इतक्या दिवसांनी हस —

भाऊजी, कुणाचा हो? सौमित्रचा का?

मी तिला सां