आधी कोमट पाणी

घरच्या तपासनीसबाईंना,

मी ठणठणीत आहे. अक्षर वाकडं दिसलं तरी घाबरू नकोस. यंत्र धुवायच्या कॉस्टिक सोड्याच्या पाण्यानं बोटं जरा सोलली आहेत, इतकंच.

काल एका गाईनं लाथ मारली, दूध काढायच्या यंत्राचे पेले खाली पडले आणि शेण थेट नळीत ओढलं गेलं. सगळं दूध ओतून द्यावं लागलं. आजचंही तपासणीत नापास झालं असतं, तर आमची नोकरी गेलीच होती.

मुकादम म्हणाला, "नळीत उकळतं पाणी सोड आणि मोकळा हो!" मी आडवा आलो. म्हटलं, "उकळत्यानं दूध नळीला चिकटून बसतं. आधी कोमट पाणी, मग गरम पाण्यात कॉस्टिक." पेल्यांतलं एकेक रबर काढून सहा तास घासलं. कंबर अजून सरळ होत नाही.

आज दूध पास झालं. मालकानं विचारलं, "हे कुठं शिकलास?" मी छाती काढून म्हणालो, "माझं मीच."

दुधाचं पातेलं धुताना मी कढत पाणी ओतलं की तू वीस वर्षं ओरडत आलीस, आणि मी वीस वर्षं वाद घालत आलो. मालकाला खरं सांगणं माझ्याच्यानं होणार नाही. तुला सांगतोय, तेवढ्यावर भागव.

आईचा गुडघा खरंच बरा आहे, की तूही माझ्यासारखंच लिहितेस?

तुझाच,
पातेल्यात कढत पाणी ओतणारा