ऑक्सिजनचे मेसॉन आणि आटपाडीचा फ्लेक्स

सुभेदार तानाजीराव, मुक्काम आष्टा, यांस आटपाडीहून तुमचे मेहुणे अर्जुना यांचा रामराम. गुडघा कसा आहे? तुमची बहीण सुलाबाई रोज विचारते. (अकरा वर्षांत पत्र लिहिलं नाही, कारण पेन सापडत नव्हता.) रविवारी आपल्या समीक्षाचा सत्कार ठरला आहे आणि तो मोडायच्या बेतात आहे, म्हणून पेन सापडला.

आपली लेक परदेशात काय करते ते ऐका. जमिनीखाली सत्तावीस किलोमीटरचा गोल बोगदा आहे. त्यात ऑक्सिजनच्या अणूंचे गाभे एकमेकांवर आपटतात. (हे हलके. शिशाचे जड गाभे आधीच आपटून झाले.) त्यातून मेसॉन नावाचे कण उडतात आणि ते किती उडाले हे आपली पोरगी मोजते. मेसॉन काही दिसत नाही. जन्मला की विरतो आणि मागे प्रकाशाचे दोन किरण सोडतो. त्या जोड्या जुळवायच्या. मी म्हणालो, "म्हंजी लेंड्यांवरनं मेंढरं मोजायची." ती म्हणाली, "व्हय आबा, तसंच." अहो, चार पिढ्या आम्ही मेंढरं कोंडायच्या वाघरीच्या जाळीतोंडाशी उभं राहून कळप मोजला, मोजणी आमच्या रक्तातच आहे! अभिमानाने मला दोन दिवस जेवण गेलं नाही. (तिसऱ्या दिवशी चार भाकरी खाल्ल्या.)

तर सत्काराचा फ्लेक्स करायचा होता. तिला आकडा विचारला, तर म्हणाली अजून पक्का नाही. फ्लेक्सवाला ऋषिराज घाई करत होता. मी शुभ म्हणून 'एक कोटी अकरा लाख मेसॉन मोजणारी आटपाडीची कन्या' असं छापून चौकात लावलं आणि मोठ्या तोऱ्यात तिला फोनवर दाखवलं. पोरगी म्हणाली, "आबा, शेवटचं मेंढरू वाघरीत शिरायच्या आधी तुमी कवा आकडा सांगितला हुता का?"

फोन तसाच सुलाबाईच्या हातात दिला. (ती साक्षीला आहे.) त्याच पावली शिडी घेऊन चढलो आणि मेंढरांच्या पाठीवर खूण करायचा लाल रंग आकड्यावर फासला. आता लोक डाग बघून विचारतात. मी छाती काढून सांगतो, मोजणी चालू आहे.

तिनं मला माफ केलं. रविवारी येतेय, पण एक अट घालून. ती खाली लिहितो, इथे कागद जरा ओला झाला आहे.

तुमचा,
अर्जुना

ता. क. अट अशी : "पैला फेटा मामाला. न्हाईतर मी खुर्चीवर बसणार न्हाई."

आणखी ता. क. अकरावीला तिला सांगलीत घालायला तुम्ही घेऊन निघालात, तेव्हा "पोरीनं शिकून काय मोजायचं हाय?" असं मी भर रस्त्यात ओरडलो होतो. तुम्ही त्यानंतर उंबरा चढला नाहीत. वर रक्ताचं लिहिलंय, पण त्या रक्ताला सांगलीला तुम्ही नेलंत. मी चुकलो. चुकलो. (एकदा सुलाबाईनं सांगितलं म्हणून लिहिलं, दुसरं माझं.)

शेवटचं. तुमचा वर्दीतला फोटो लगेच पाठवा. मी शिडीवर चढून माप घेतलं आहे, आकडा होता त्या जागी बरोबर बसतो.