कंडेन्सरचा मोकळा पाय

बाबा, ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर उघडून बसलो. बसलो म्हणजे काय, चारदा उठून येरझाऱ्या घातल्या. एमिटरपाशी एक कंडेन्सर हाय. तो जोडला की आवाज भसकन वाढते, पण जोरात बोललं की शब्द फाटतात. त्याचा एक तारेचा पाय सोडवला की आवाज कमी होते, मायक्रोफोनवरचा भार हलका होते, अन् शब्द निवळतात. मले हे पुस्तकानं सांगितलं. तुमाले, चौथी शिकलेल्या माणसाले, नुसत्या कानानं समजलं होतं.

मध्यप्रांत-वऱ्हाडाच्या दिवसांतला आपला तो लग्नाले भोंग्यासंग भाड्यानं द्याचा, बॅटरीवरचा वॉल्व्हचा डबा. त्यातबी तसाच कंडेन्सर, एक पाय तुमी सोडवून मोकळा लोंबत ठेवलेला. लग्नाले भोंगा नेणारे हासायचे, "भोंगा उपाशी हाय का जी?" मले लाज वाटे. नागपूरले कॉलेजात पहिलंच वर्ष, अंगात मस्ती. सुटीत आलो, तुमी बॅटरी भरून आणाले मेहकरले गेले, अन् मी कथलाचा डाग देऊन तो पाय जोडून टाकला. सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी डोणगावचं लग्न. तुमी आवाजाचं बटन नेहमीच्याच खुणेवर ठेवलं, अन् भोंगा असा गर्जला की बैल बुजले. तुमी पंगतीचं बोलावणं करून राह्यले, नवरीच्या मामाचं नाव तीनदा घेतलं, भोंग्यातून निस्तं भॉं भॉं. मामा रुसून आपल्या बैलाच्या दमणीत जाऊन बसला. "साऱ्या गावाले बोलावलं, मलेच काऊन नाही?"

"घेतलं ना जी नाव, तीनदा घेतलं."

"मंग माह्याच नावावर भोंग्याचा घसा बसला का?"

लोक हासले. तुमी उन्हात त्याच्या बैलापाशी हात जोडून उभे, अन् मी वायर गुंडाळून राह्यलो, गुंडाळलेलीच पुन्हा.

घरी येऊन तुमी डबा उघडला. लय वेळ पाहत राह्यले. "हा पाय मी सोडवला होता ना बे?"

"तुमीच जोडला असन, बाबा. इसरले असान."

तुमी आपल्या बोटांकडे पाहिलं. "असन," म्हणाले. मंग कधीच स्वतः डाग दिला नाही. साधी वायर जोडाची तरी माह्या सुटीची वाट पाहायचे. "तूच कर बे, माह्या हाताचा भरोसा नाही." तुमी जाईपर्यंत हेच.

आत्ता इथला पाय सोडवला. मायक्रोफोन तोंडापाशी धरून हळूच म्हणालो, बाबा, तो पाय मी जोडला होता. अक्षर न् अक्षर समजलं. घरात कोणी नाही, हे मी आधी पाहून घेतलं होतं.