माझ्या घोट्यात काहीही बिघाड नाही

३ जानेवारी
संघात नवी फिजिओ आलीय. प्रत्येकीचे डोळे बांधून पाय घोट्यात वाकवला, सरळ केला, मग म्हणाली, आता तुम्ही तेवढाच वाकवा. मी वाकवला. म्हणे, तुमच्या घोट्याला आपण कुठे आहोत ते कळत नाही. शाळेपासून व्हॉलीबॉल खेळतेय. घोटा कायम पायालाच असतो. कुठे जाणार?

५ जानेवारी
उडी मारून खाली येतानाचा व्हिडिओ सगळ्यांसमोर दाखवला. माझे गुडघे आत, पाय वाकडा. कॅमेरा तिरका होता. घरचा अभ्यास: एका पायावर उभं राहून दात घासायचे. उद्यापासून नक्की.

६ जानेवारी, सकाळ
घासले. दोन्ही पायांवर. घाई होती.

९ जानेवारी
आज मात्र एका पायावर. नळ धरून. धरू नका असं कुणी म्हटलं नव्हतं. आई म्हणाली, नळ उपटलास तर प्लंबरला तूच बोलव. या घरात खेळाला पोषक वातावरण नाही.

१४ जानेवारी
आमची राखीव खेळाडू चिमणी डुगडुगत्या फळीवर उभी राहून गप्पा मारते. तिला प्रेमाने समजावलं, स्मॅश खांद्यातून येतो. हो ताई, म्हणाली. उतरली नाही. लहान आहे, कळेल.

२० जानेवारी
सरावात पाय मुरगळला. किंचित. भिंत धरून चेंजिंग रूममध्ये गेले ते जरा विचार करायला. फिजिओने विचारलं, दुखतंय का? छे म्हटलं. व्यायाम करता ना? रोज, म्हटलं. मोजे लांब घेतलेत.

२ फेब्रुवारी
उद्या फायनल. कोचसरांनी विचारलं, कुणाला काही त्रास? कुणालाच नव्हता. चिमणी माझ्या मोज्याकडे बघत होती. जागेवर डोळा आहे तिचा.

३ फेब्रुवारी, हॉस्पिटल
शेवटचा सेट. आयुष्यातली सर्वात उंच उडी. हवेत असेपर्यंत सगळं उत्तम होतं. उतरले आणि पाय खालून निघूनच गेला. स्ट्रेचरवरून बघितलं, माझ्या जागी चिमणी उतरली होती. उडी मारली, अलगद खाली आली, मांजरीसारखी. बॉल समोरच्या कोर्टात. जिंकलो. मीही टाळ्या वाजवल्या. थोड्या.

८ फेब्रुवारी
फिजिओ घरी आली. रागावली नाही. म्हणाली, त्या दिवशी मी तुमचा मोजा काढून बघायला हवा होता. मी मोठ्या मनाने माफ केलं. ती गेल्यावर का कोण जाणे, रडू आलं. औषधांचा परिणाम असावा.

११ फेब्रुवारी
कोचसरांचा फोन. नव्या मुली आल्यात, शनिवारी त्यांच्यासमोर येशील का? शेवटी अनुभवाची किंमत कळली. स्मॅशवर भाषण तयार करते म्हटलं. सर म्हणाले, भाषण फिजिओ करणार आहे. तू नुसती प्लास्टरसकट समोर बस.

जाणार आहे. स्टेजवर बसवणार आहेत म्हणे.