शाळा एक झाल्यावर

टॅलोवा, मिसिसिपी
९ सप्टेंबर १९६२

ती. लेम्युएलदादास,
ओडेसाचा सा. न. वि. वि.

सोमवारी मतदार यादीत नाव घालायला कचेरीत गेले होते. कारकुनानं राज्यघटनेतलं एक कलम पुढ्यात टाकलं आणि अर्थ लिही म्हणाला. चौदा वर्षं मी तेच कलम मुलांना शिकवतेय. दोन पानं लिहून दिली. ती न वाचताच नापास केलं. आता माझं नाव-पत्ता वर्तमानपत्रात छापून आलाय, आपल्या काळ्यांपैकी कोण गेली होती ते गोऱ्यांना कळावं म्हणून. आमचे मुख्याध्यापक पर्नेल सर विचारत होते, बाई, मत देऊन पोट भरतं का? मी म्हटलं, सर, न देऊन तरी कुठं भरलंय?

आई बरी आहे. तू तिकडं जाडा झालायस असं ऐकते.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी, ओडेसा

डेट्रॉइट
१५ ऑगस्ट १९६५

चि. ओडेसास, अनेक आशीर्वाद.

मताच्या हक्काचा कायदा झाल्याचं रेडिओवर ऐकलं. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत आम्ही टाळ्या वाजवल्या. आता तुला कुणी कलमबिलम विचारणार नाही. तू नवी टोपी घालून जाशील, आणि चर्चमधल्या बायका मतपेटी सोडून टोपीच बघत बसतील.

मला इथं मत आहे, घर नाही. परवा एक पाहिलं, तर मालक म्हणे कालच दिलं. भाड्याची पाटी अजून लटकतेय. हे सरकार त्याचंही काही करील म्हणतात.

आईला सांभाळ. मला विसरू नका.
लेम्युएल

टॅलोवा
१ जून १९७०

ती. दादास, सा. न. वि. वि.

सरकार बदललं, पण कोर्टाचा हुकूम आला. काळ्या-गोऱ्यांची शाळा एक झाली. एक झाली म्हणजे आपली बंद झाली. आपली मुलं त्यांच्या इमारतीत गेली. त्यांच्यातल्या पैसेवाल्यांनी स्वतःच्या मुलांसाठी नवी खाजगी शाळा काढली. आपल्या शाळेची बक्षिसं, फोटो सगळं मागच्या खड्ड्यात टाकलं. पर्नेल सरांना बसगाड्यांची देखरेख दिलीय. तेवीस वर्षं मुख्याध्यापक होते ते.

मला शिक्षणाधिकाऱ्यांनी बोलावलं. मुलं चालतील, पण काळ्या बाई चालायच्या नाहीत, गोरे पालक ऐकणार नाहीत, असं अगदी गोड बोलून सांगितलं. पुढच्या वर्षी मला नेमणूक नाही. दादा, तक्रार तरी काय करू? हेच तर आपण मागितलं होतं. मतही आता दर निवडणुकीला देते. आईला अजून सांगितलेलं नाही.

तुझ्या पत्राचाच आधार आहे.
ओडेसा

डेट्रॉइट
२० जून १९७०

चि. ओडेसास, अनेक आशीर्वाद.

वकिलाला भेटलो. तो म्हणाला, अशा शेकडो बाया आहेत, निकाल लागेपर्यंत त्या म्हाताऱ्या होतील. सरकारला पत्र घातलं, तर पोचल्याचं छापील कार्ड आलं. इकडं ये म्हणावं, तर आमच्याच खोलीत पाय पसरायला जागा नाही. थोरला भाऊ असून मला काही सुचत नाही, हे लिहितानाही लाज वाटते.

राग धरू नकोस.
लेम्युएल

टॅलोवा
४ ऑक्टोबर १९७०

ती. दादास, सा. न. वि. वि.

राग कुणावर धरू? आईला समजलं. माझी शाळेच्या वेळेची, साडेसातची भाकरी मात्र ती अजून भाजते.

शेजारची व्हर्लीन दुपारी ओसरीवर अभ्यासाला येते. नऊ वर्षांची आहे, माझ्याच वर्गात होती. सांगत होती, नव्या शाळेत ती दिवसभर हात वर करते, पण तिथल्या गोऱ्या बाई तिच्याकडं बघतच नाहीत. मग तिनं विचारलं, तुम्ही आमच्या वर्गावर कधी येणार?

मी तिला पुढचं पान उघडायला सांगितलं.

तुझी,
ओडेसा