चौदा पानांचं एक पान

सोमवार, ३ मार्च

बंद! आमचा विभागच बंद. साडेअकराला सगळ्यांना वर बोलावलं, बाराला आम्ही खाली. टेबलावरचा चहा अजून कोमट होता.

मशीन टेस्टिंगवाले, दुरुस्तीवाले आणि मशीनच्या माहितीपुस्तिका लिहिणारी मी, अशी बारा माणसं. हे काम आता बाहेरून करून घेणार म्हणे. प्रत्येकाच्या हातात एक पाकीट. आत चौदा पानी 'सेवासमाप्ती करार'. शुक्रवारपर्यंत सही केली तर नियमाने मिळतं त्यावर सहा महिन्यांचा पगार जादा. नाही केली तर जादा काही नाही.

खाली येते तर भोंगा माझ्या टेबलाशी उभा. पत्र्याला भोकं पाडणारी आमची प्रत्येक प्रेस आधी तो चालवून बघतो, मग ती गिऱ्हाइकाकडे जाते. एकोणीस वर्षं हेच. बोलतो ते दोन मजल्यांना ऐकू जातं, म्हणून भोंगा. "ताई, हे तुमचं खातं! एवढं मोठं मशीन चार ओळींत समजावता, हे कागद समजवा की आम्हाला!" बाकीचेही माना डोलवायला लागले.

खरं लिहायचं तर — बरं वाटलं मला. नोकरी गेली त्याच दिवशी!

मंगळवार, ४ मार्च

दिवसभर करार. काय ती भाषा! "ज्ञात अथवा अज्ञात, आजवर उद्भवलेले अथवा पुढे उद्भवू शकणारे, सर्व व कोणत्याही स्वरूपाचे दावे..." एकच गोष्ट पाच वेळा. हे म्हणाले, "लग्नाच्या वेळी यातलं अर्धंही वाचलं नव्हतंस."

मग एकवीस वर्षं जे केलं तेच केलं. फापटपसारा काढला, उरलं ते सोपं केलं. चौदा पानांचं एक पान. वरच्या पाच ओळींची माझी एक ओळ झाली : 'कंपनीकडे आता आपली काही थकबाकी नाही.' नवव्या पानावर होतं की सही केल्यापासून सात दिवसांत लेखी कळवून ती मागे घेता येते. ते गाळलं. सही करून मागे कोण घेणार? उगाच लोक गोंधळतील. शिवाय पानही भरलं होतं.

छान झालंय पान.

बुधवार, ५ मार्च

एचआरच्या मॅडमनी पान वाचलं. "किती सुटसुटीत! थांबा, मीच सगळ्यांना झेरॉक्स देते." संध्याकाळपर्यंत नऊ सह्या.

भोंग्याने माझ्यासमोर केली. मूळ करार टेबलावर पालथा आणि माझं पान घडी करून खिशात. पेन उचलता उचलता थांबला. "ताई, उद्या काही दुखलंखुपलं, तर?"

"ते वेगळं असतं, दादा," मी म्हटलं.

केली सही.

वेगळं असतं — हे मी कशाच्या आधारावर म्हटलं? कुठल्या पानावर आहे तसं? उद्या बघते.

गुरुवार, ६ मार्च

बघायचं राहिलं.

शुक्रवार, ७ मार्च

माझीही सही झाली. बारावी, शेवटची.

टेबल आवरताना पहिल्या प्रेसच्या पुस्तिकेचं जुनं प्रूफ सापडलं. 'कानांवर संरक्षक लावल्याशिवाय मशीन चालवू नये.' त्यावर विक्रीच्या साहेबांची लाल काट आणि बाजूला शेरा : गिऱ्हाईक बिचकतं. मी तेव्हा वाद घातला नव्हता. तेच पान पुढे टेस्टिंगच्या भिंतीवर लागलं, त्या ओळीशिवाय. मी स्वतः मात्र भोंग्याशेजारी उभी राहून टिपणं काढायचे तेव्हा कानात कापूस घालून! तो हसायचा. "ताई, कापूस संपेल हो गावातला!"

प्रूफ पिशवीत टाकलं. का, ते माहीत नाही.

सोमवार, १० मार्च

साडेआठला साडी नेसून तयार. मग आठवलं.

गुरुवार, १३ मार्च

भोंगा आला होता. नव्या कारखान्यात काम मिळत होतं, तब्येतीच्या तपासणीत अडकलं. कान. डावा जवळजवळ गेलेला, उजवा अर्धा. डॉक्टर म्हणाले, हे एका दिवसाचं नाही, वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात राहिल्याचं आहे.

"म्हणजे बघा ताई, मी भोंगा नव्हतोच! तुम्हीच सगळे पुटपुटत होतात!"

मी हसले. एकोणीस वर्षं त्या आवाजाला आम्ही नाव ठेवलं. बाजूला उभं राहून एकानेही विचारलं नाही, की हा इतका मोठ्याने का बोलतो.

"आता कानालाच मशीन लागेल," तो म्हणाला. "महाग आहे. कंपनीकडे मागू ना? तुम्ही म्हणाला होतात, दुखलंखुपलं ते वेगळं."

मूळ करार काढला. अज्ञात. पुढे उद्भवू शकणारे. पाच वेळा लिहिलेली एकच गोष्ट नव्हती ती. पाच दारं होती, एकेक करून लावून घेतलेली.

मग नववं पान. बोटांवर मोजलं. पाच तारखेची सही, सात दिवस. बारा! म्हणजे काल.

त्याला सांगितलं नाही. "बघून सांगते" म्हटलं. चहा केला. साखर दोनदा घातली बहुतेक. त्याने तसाच पिऊन टाकला.

तो गेल्यावर धाकट्या भाऊजींना फोन. ते वकील. आधीच का केला नाही, हा प्रश्न त्यांनीही विचारला. काय सांगू? मला वाचता येतं, असं वाटलं होतं!

"वहिनी, करारातला शब्द जास्तीचा दिसला ना, तर समजायचं की तोच सगळ्यात जास्त राबतोय."

"आता काहीच नाही?"

त्यांनी फोनवर करार वाचून घेतला, मी प्रूफचंही सांगितलं. मग म्हणाले, एक फट आहे. चुकीच्या माहितीवर सही घेतली गेली आणि ती माहिती कंपनीनेच वाटली, हे दाखवता आलं तर. "कागद तुमचा, झेरॉक्स त्यांची. ते प्रूफही कामाला येईल. पण सांगणार कोण? अकरावं कलम वाचा. सही करणाऱ्याने आतलं काही बाहेर सांगायचं नाही, दुसऱ्याच्या दाव्याला मदत करायची नाही. तुमची सही कधीची?"

सात तारखेची.

"मग उद्यापर्यंत ती मागे घेणं तुमच्या हातात आहे. फट आहे म्हटलं, दार नाही. हे लक्षात ठेवा."

शुक्रवार, १४ मार्च

यांना सकाळीच सांगितलं. हे घराच्या हप्त्यांबद्दल बोलले. बोलणारच, त्यांचं चुकलं नाही. मग म्हणाले, "तुझ्या चुकीचा कागद तूच कोर्टात नेणार?" हो. "आणि तरीही त्याला काही मिळेलच असं नाही?" नाही. ऑफिसला निघताना दारातून मागे वळले. "पत्र नीट लिही. छोटं लिहू नकोस."

तीन वेळा लिहिलं. दोनदा आटोपशीर झालं, फाडलं.

साडेतीनला फाटकाशी. आत जायला वीस मिनिटं लागली. रस्त्यापलीकडच्या पायरीवर बसून होते — हेही इथे लिहून ठेवते. मनात हिशेब चाललाच होता. त्याची मुदत गेली ती गेली, मी कशाला? एका फटीसाठी सहा महिन्यांचा पगार सोडायचा? कोणाला कळणार आहे मला हे माहीत होतं की नाही? मला कळणार. पण मला तर बुधवारीही कळलं होतं! 'उद्या बघते' हे माझ्याच हाताने लिहिलंय, मागच्या पानावर. तेव्हा उठून बघितलं असतं तर आज त्या पायरीवर बसावंच लागलं नसतं.

मॅडमनी पत्र दोनदा वाचलं. "नक्की ना? हे परत फिरत नाही." शिक्का मारून पोच दिली. मी निघताना हळूच म्हणाल्या, "ते नवव्या पानावरचं... मला वाटलं तुम्ही मुद्दाम गाळलंत. आमच्या सोयीसाठी."

शनिवार, १५ मार्च

भोंग्याला बोलावून सगळं सांगितलं. त्याच्या उजव्या बाजूला बसून, एकेक वाक्य. मुलगी बरोबर आली होती, नर्सिंग शिकते ती. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

तो रागावला नाही. जमेल तितक्या हळू म्हणाला, "सात दिवसांचं माहीत होतं, ताई. मी सही केली त्याच रात्री हिने वाचून दाखवलं होतं. म्हणाली, बाबा, घाई केलीत, अजून मागे घ्या. मी तुमचं पान काढून दाखवलं तिला. म्हटलं, ताईंनी लिहिलं नाही, म्हणजे नसणार. तूच चुकीचं वाचतेस."

मुलीने पिशवीतून मूळ करार काढून माझ्यापुढे ठेवला. नवव्या पानावर त्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती. कोणीतरी ती खोडायचाही प्रयत्न केला होता.